मानसतज्ज्ञ देशाला हवेत, मग त्यांच्या शिक्षणाचा खर्च घरच्यांनी का करायचा?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निर्णय दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. त्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवतानाच न्यायालयाने देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता नेमावा, हे त्यांतील एक तत्त्व. निर्णयाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या दिवसापासून एक साधा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. हे समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ येणार कोठून?

देशातील शाळा, महाविद्यालये आणि शिकवणीवर्ग यांची संख्या डोळ्यांसमोर आणावी आणि मग आपण दरवर्षी किती मानसतज्ज्ञ घडवतो, याचा विचार करावा. त्याहून कमी विचारला जाणारा प्रश्न असा, की ते घडत असताना त्यांच्या जेवणाचा, निवाऱ्याचा आणि शुल्काचा खर्च कोण करते? याचे बहुतांश उत्तर ‘त्यांचे आईवडील’ असे आहे. माझ्या मते आपल्या मानसिक आरोग्यव्यवस्थेतील अनेक दोष या एका उत्तरातून निघतात. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आधी गरजेचे मोजमाप पाहू. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार देशातील प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांत तेरा हजारांहून अधिक विद्यार्थी होते. मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण एक लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.७५ इतकेच आहे. डॉक्टरांवर इतका भार असताना मानसिक चाचण्या, निदानास साहाय्य, दीर्घकालीन मानसोपचार आणि पुनर्वसन ही कामे प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांनी करायची असतात. ते नसतील, तर रुग्णाच्या हाती औषधाची चिठ्ठी तेवढी उरते.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, तो होण्याचा मार्ग कायद्याने आखून दिला आहे. पदवी, त्यानंतर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ, पर्यवेक्षणाखालील प्रशिक्षण, हा आजवरचा रूढ मार्ग आहे. हे प्रशिक्षण एम.फिल. या नावाने ओळखले जाते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करताना हीच पात्रता मानली आहे. पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यात तर नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. हे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत, कारण अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती कोणाचे मन सोपवणे धोक्याचे आहे. परंतु पात्रतेची अट घालताना शासन जितके काटेकोर असते, तितकेच ती पात्रता मिळवण्याच्या खर्चाबाबत उदासीन का असते?

एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागातील सकाळ डोळ्यांसमोर आणा. त्याच कक्षात दोन प्रशिक्षणार्थी आहेत. एक मनोविकारशास्त्रात एम.डी. करणारा निवासी डॉक्टर आणि दुसरी चिकित्सालयीन मानसशास्त्रात एम.फिल. करणारी विद्यार्थिनी. दोघेही रुग्णांचा पूर्वेतिहास लिहून घेतात, वरिष्ठांच्या फेरीत प्रकरण मांडतात आणि नातेवाइकांशी बोलतात. बुद्धिमापनाच्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्या विद्यार्थिनी घेते, त्यांचे अहवाल लिहिते आणि दिवसाकाठी कित्येक तास रुग्णांसमवेत बसते. महिनाअखेरीस डॉक्टरच्या खात्यात विद्यावेतन जमा होते. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर शिक्षण नियमांनी ते बंधनकारक केले आहे. काही खासगी महाविद्यालये हा नियम पाळत नाहीत, ही वेगळी तक्रार. पण नियम तरी आहे. विद्यार्थिनीला मात्र अनेक ठिकाणी एक रुपयाही मिळत नाही. उलट याच दोन वर्षांसाठी तिने लाखांच्या घरात शुल्क भरलेले असते.

निम्हान्स, रांचीचे केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान अशा काही केंद्रीय संस्थांत प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन मिळते, हे नमूद केले पाहिजे. त्यामुळेच तेथील मोजक्या जागांसाठी देशभरातून झुंबड उडते. या संस्थांचे उदाहरण आपल्या ‘पैसे कोठून आणायचे’ या नेहमीच्या सबबीला उत्तर देते. विद्यावेतन देऊन मानसतज्ज्ञ घडवता येतात, हे या देशात दशकानुदशके सिद्ध झाले आहे. ती व्यवस्था सर्व मान्यताप्राप्त संस्थांपर्यंत नेण्याची इच्छा तेवढी झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका परिषदेत झारखंडमधून आलेल्या एका विद्यार्थिनीशी माझे बोलणे झाले. घरी संथाळी, शाळेत हिंदी आणि महाविद्यालयात इंग्रजी असा तिचा प्रवास. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी तिने उत्तम गुणांनी मिळवली होती. केंद्रीय संस्थेतील जागा थोडक्यात हुकली; एका खासगी संस्थेत प्रवेश मिळाला. शुल्क, वसतिगृह आणि भोजन यांचा दोन वर्षांचा हिशेब कुटुंबाच्या कित्येक वर्षांच्या उत्पन्नाएवढा झाला. बँकेने तारण मागितले, ते नव्हते. तिने जागा सोडून दिली आणि एका लहान शाळेत शिकवू लागली. ती मला म्हणाली, “सर, आमच्या भागात संथाळीतून बोलणारा एकही मानसतज्ज्ञ मी पाहिलेला नाही. मी झाले असते, तर निदान एक असता.” तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि मला तेच अधिक लागले.

या शास्त्रातील अडचणीचे मर्म तिच्या एका वाक्यात आहे. क्ष-किरणाला भाषा नसते आणि रक्ततपासणीलाही नसते. मानसोपचार मात्र भाषेतूनच होतो. दुःख ज्या शब्दांत जाणवते, त्याच शब्दांत ते ऐकणारा कोणी असावा लागतो. ‘जीव घाबरा होतो’, ‘काळजात धस्स होते’, ‘डोके बधिर झाले आहे’ असे सांगणाऱ्या मराठी बाईची व्यथा इंग्रजी प्रश्नावलीच्या चौकटीत बसवताना काय निसटते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संथाळी, गोंडी, भिली, मैथिली, बोडो, तुळू या भाषा बोलणाऱ्यांचेही तेच आहे. ज्या घरांत या भाषा बोलल्या जातात, त्यांतील बहुसंख्य घरांना सात वर्षे मुलांना बिनपगारी शिकवणे परवडत नाही. ज्यांना परवडते, ती घरे बहुधा शहरी, सुस्थित आणि इंग्रजीत वावरणारी असतात. तेथून येणारे विद्यार्थी मेहनती आणि संवेदनशील असतात. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. परंतु प्रवेशाची चाळणी पैशाची असेल, तर त्या चाळणीतून उतरणारे सगळे एकाच थरातले असणार. ते साहजिकच त्याच शहरांत व्यवसाय करतील आणि तासाला हजार-दोन हजार रुपये घेतील. स्वतःचा लाखोंचा खर्च त्यांनाही भरून काढायचा असतो. मग आपण म्हणतो की मानसोपचार हे श्रीमंतांचे चोचले आहेत. ते तसे का झाले, याचा शोध मात्र घेत नाही.

आता संशोधनाकडे वळू. पीएच.डी. करणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याची स्थिती समजण्यासाठी आपल्या विज्ञानव्यवस्थेतील एक विभागणी ध्यानात घ्यावी लागते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या संयुक्त नेट परीक्षेत रसायन, भूविज्ञान, जीवविज्ञान, गणित आणि भौतिकी हे पाच विषय आहेत. मानसशास्त्र त्यांत नाही. ते आयोगाच्या दुसऱ्या नेट परीक्षेत, भाषा, इतिहास, राज्यशास्त्र यांच्या समवेत आहे. गेट परीक्षेत २०२१ पासून मानसशास्त्राचा समावेश झाला, तोही मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रे या शीर्षकाखाली. पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती २०१८ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानासाठी सुरू झाली. तीत महिन्याला सत्तर ते ऐंशी हजार रुपये मिळतात. मानसशास्त्राच्या सर्वसाधारण विद्यापीठीय विभागातील विद्यार्थ्याला तो दरवाजा बहुधा बंदच असतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा बोधनविज्ञान संशोधन उपक्रम २००८ पासून आहे आणि त्यातून काही चांगले काम झाले. पण तो प्रामुख्याने प्रकल्पांना पैसा देणारा उपक्रम आहे. विद्यार्थ्यांच्या मोठ्या संख्येला आधार देणे, हे त्याचे स्वरूप नाही.

ही विभागणी जणू निसर्गनियम असल्यासारखी आपण मानतो. इतिहास वेगळे सांगतो. भारतातील मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला, तो प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग म्हणून. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता हे हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे शिकून आलेले होते. पुढे १९२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये मानसशास्त्राला स्वतंत्र विभाग मिळाला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, परकीय सत्तेच्या काळात, भारतीय वैज्ञानिकांनी या विषयाला आपल्या पंक्तीत बसवले होते. आज मात्र या विषयाची पदवी काही विद्यापीठांत एम.एस्सी. आणि अनेक ठिकाणी एम.ए. आहे. ज्याला प्रयोगशाळा लागते, सांख्यिकी लागते, उपकरणे लागतात आणि रुग्णालयही लागते, त्या विषयाला निधीवाटपाच्या वेळी मात्र केवळ पुस्तके लागतात असे गृहीत धरले जाते. विज्ञानवाले त्याला आपले मानत नाहीत, वैद्यकवाले त्याला साहाय्यक समजतात आणि सामाजिक शास्त्रांच्या आधीच तोकड्या असलेल्या निधीत त्याचा वाटा अगदीच थोडा असतो.

आता आकडे पाहू. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्र म्हणून ४२,००० रुपये मिळतात; घरभाडे भत्ता वेगळा. ही रक्कम बऱ्यापैकी आहे, हे मान्य. पण ती किती जणांना मिळते? परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतात आणि अधिछात्रवृत्ती त्यांतीलही थोड्यांनाच. उरलेल्यांचे काय? केंद्रीय विद्यापीठांत त्यांना बिगर-नेट अधिछात्रवृत्ती मिळते: पीएच.डी.साठी महिन्याला ८,००० रुपये. दहा वर्षांहून अधिक काळ ही रक्कम तेथेच आहे. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये आयोगाने तीही बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा विद्यार्थ्यांनी दिल्लीत आयोगाच्या कार्यालयाबाहेर आठवडेच्या आठवडे ठाण मांडले आणि ती वाचवली. त्या आठ हजारांचा अर्थ समजण्यासाठी एक तुलना करतो. २०२५-२६ मध्ये हरियाणात मनरेगाच्या मजुरीचा दर दिवसाला ४०० रुपये होता. म्हणजे संशोधकाला महिनाभराच्या कामासाठी जे मिळते, ते तेथील वीस दिवसांच्या मजुरीएवढे आहे. मजुरी अधिक आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. तीही अपुरीच आहे. संशोधनाची किंमत आपण कोठे लावली आहे, एवढेच मला दाखवायचे आहे.

आणि ही आठ हजारांची सोयही केंद्रीय विद्यापीठांपुरती. देशातील बहुसंख्य विद्यार्थी राज्य विद्यापीठांत शिकतात. तेथे नेटविना असलेल्या संशोधकाला अनेकदा काहीच मिळत नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती केंद्राने २०२२ च्या अखेरीस बंद केली. महाराष्ट्रात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत आणि त्यांनी अनेकांना हात दिला आहे. पण त्यांच्यासाठीही संशोधकांना उपोषणे आणि आंदोलने करावी लागली, हे आपण पाहिले. जिथे वृत्ती मंजूर असते, तिथेही ती महिन्याच्या महिन्याला मिळेल याची शाश्वती नसते. चार-सहा महिन्यांची थकबाकी एकदम जमा होते. मधल्या काळात खाणावळीचा मालक आणि खोलीचा मालक थांबत नाहीत.

याचा परिणाम संशोधनाच्या दर्जावर होतो, आणि विज्ञानाच्या बातम्या आवडीने वाचणाऱ्यांनी या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. जोसेफ हेनरिक, स्टीव्हन हाइन आणि आरा नोरेन्झायन या तीन संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की जगातील मानसशास्त्रीय संशोधन प्रामुख्याने पाश्चात्त्य, सुशिक्षित, श्रीमंत समाजांतील माणसांवर झालेले आहे आणि त्यावरून ‘मनुष्यस्वभावा’विषयी काढलेले निष्कर्ष सर्वांना लागू पडतातच असे नाही. या उणिवेवर उत्तर देण्याची संधी भारतासारख्या देशाला होती. इतक्या भाषा, इतकी कुटुंबरूपे, इतके श्रद्धाविश्व दुसऱ्या कोणत्या देशात सापडेल? पण ज्याच्या खिशात गावापर्यंतच्या प्रवासाचे भाडे नाही, तो संशोधक काय करणार? आपल्याच महाविद्यालयातील दोनशे विद्यार्थ्यांना परदेशात तयार झालेली प्रश्नावली वाटणार, सहसंबंध काढणार आणि प्रबंध सादर करणार. असे प्रबंध आपल्या ग्रंथालयांत रचून ठेवलेले आहेत. त्यांना हसणे सोपे आहे. मी स्वतः अशा प्रबंधांचे मूल्यमापन केले आहे आणि त्या वेळी कठोर शेरेही लिहिले आहेत. आज वाटते, त्यांतील निम्मे शेरे विद्यार्थ्याऐवजी निधी देणाऱ्यांच्या नावे लिहायला हवे होते.

या सगळ्यात धोरणाच्या गोंधळाची भर पडली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवी रद्द केली. जी पदवी एका कायद्यानुसार परवान्यासाठी आवश्यक, तीच दुसऱ्या नियमाने बाद! डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने विद्यार्थ्यांना या पदवीस प्रवेश घेऊ नये असे बजावले. त्यानंतर महिन्याभरातच चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांपुरती तिची वैधता २०२५-२६ च्या सत्रापर्यंत वाढवण्यात आली. त्या काही आठवड्यांत प्रवेशाच्या तयारीत असलेल्या मुलांच्या आणि कर्ज काढायला निघालेल्या पालकांच्या मनाचे काय झाले असेल? पदवीचे नाव आणि तिचा आराखडा बदलण्यास माझा विरोध नाही. पण नव्या आराखड्यावर झालेल्या चर्चांत अभ्यासक्रमाची वर्षे, नावे आणि श्रेयांक यांविषयी पुष्कळ ऐकले. शिकणाऱ्याच्या उदरनिर्वाहाविषयी मात्र कोणी बोलल्याचे माझ्या कानी आले नाही. तोच प्रश्न वगळून केलेली सुधारणा जुनाच अन्याय नव्या नावाने चालू ठेवील.

यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा, की ज्याच्या अंगी गुणवत्ता आहे तो नेट उत्तीर्ण होतोच. बाकीच्यांना शासनाने का पोसावे? याला माझे उत्तर असे, की नेट ही बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा आहे. रुग्णासमोर तासभर शांत बसून ऐकण्याची, त्याच्या न बोललेल्या शब्दांचा माग काढण्याची क्षमता तीत मोजली जात नाही. जून २०२४ मध्ये तर ही परीक्षा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली होती. एका दिवसाच्या परीक्षेवर पाच वर्षांच्या भाकरीचा निर्णय सोपवणे शहाणपणाचे नाही. शिवाय विद्यापीठाने ज्याला रीतसर निवडून संशोधक म्हणून प्रवेश दिला, त्याच्या गुणवत्तेची शंका असेल, तर त्याला प्रवेश देऊ नये. प्रवेश द्यायचा आणि उपाशी ठेवायचे, ही कोणती गुणग्राहकता?

दुसरा आक्षेप: निवासी डॉक्टरांची जबाबदारी आणि कामाचे तास अधिक असतात, म्हणून तुलना गैरलागू आहे. जबाबदारी अधिक आहे हे खरे आणि म्हणून रकमेत फरक असू शकतो. पण काम करून घेणाऱ्याने कामाचे मोल द्यावे, या तत्त्वात फरक कसा असेल? रुग्णालय त्या विद्यार्थिनीने केलेल्या चाचणीचे पैसे रुग्णाकडून घेत असेल आणि तिच्याकडून शुल्कही घेत असेल, तर त्याला प्रशिक्षण म्हणायचे की दुहेरी वसुली, हे वाचकांनीच ठरवावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून कार्यानुभवाच्या नावाखाली पैसे घेण्याची जी नवी प्रथा अनेक शहरांत फोफावली आहे, तिचेही मूळ येथेच आहे.

तिसरा आक्षेप: बाजार हे सर्व सांभाळून घेईल, आता मोबाईलवर समुपदेशन मिळते, यंत्रेही बोलू लागली आहेत. टेलि-मानस ही शासनाची १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आणि ती उपयुक्त आहे. पण दूरध्वनीच्या त्या टोकालाही माणूसच लागतो, आणि त्याला कोणीतरी शिकवावे लागते. बाजाराचे म्हणाल, तर तो ग्राहक जेथे आहे तेथे जातो. गडचिरोलीत, कोरापुटमध्ये किंवा किश्तवाडमध्ये तो स्वतःहून जाईल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी आजवर तो तेथे का गेला नाही, हे सांगावे.

चौथा आक्षेप पैशांचा. एक साधा हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, दरवर्षी एक हजार प्रशिक्षणार्थी घेतले आणि प्रत्येकाला दोन वर्षे महिन्याला २५,००० रुपये दिले. कोणत्याही वेळी दोन हजार प्रशिक्षणार्थी असतील आणि वर्षाचा खर्च ६० कोटी रुपये होईल. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे आणि त्या कायद्याच्या उद्देशांत मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचे विज्ञानाशी जोडलेले भागही नमूद आहेत. त्या आकड्यांसमोर साठ कोटी किती होतात? तेव्हा पैसा नाही, हे कारण पटणारे नाही.

ज्या देशांना मानसतज्ज्ञ खरोखर हवे होते, त्यांनी काय केले तेही पाहावे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लाखो सैनिक मनावर जखमा घेऊन परतले आणि त्यांच्यावर उपचार करण्यास पुरेसे तज्ज्ञ नव्हते. तेथील माजी सैनिक प्रशासनाने १९४६ मध्ये विद्यापीठांच्या साहाय्याने चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पैसे देऊन प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्यानेही प्रशिक्षणासाठी निधी खुला केला. आज अमेरिकेत हे क्षेत्र ज्या विस्ताराने उभे आहे, त्याचा पाया या सरकारी पैशाने घातला गेला. इंग्लंडमध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्रातील डॉक्टरेट करणारा प्रशिक्षणार्थी राष्ट्रीय आरोग्यसेवेचा पगारी कर्मचारी असतो. अमेरिकेतही पुढे कर्ज काढून शिकण्याचे व्यावसायिक अभ्यासक्रम आले आणि तेथील विद्यार्थी त्या कर्जांखाली दबले आहेत. आपण त्यांची चूक तेवढी उचलली आणि शहाणपण सोडून दिले.

मग करावे काय? माझ्या मागण्या चार आहेत. पहिली, पुनर्वास परिषदेने कोणत्याही संस्थेस मान्यता देताना किंवा तिचे नूतनीकरण करताना प्रशिक्षणार्थींना विद्यावेतन ही अट घालावी. शासकीय संस्थांत ते शासनाने द्यावे आणि खासगी संस्थांत काही वाटा शासनाने उचलावा. दुसरी, पीएच.डी.साठी रीतसर प्रवेश मिळालेल्या प्रत्येक पूर्णवेळ संशोधकास, मग विद्यापीठ केंद्राचे असो वा राज्याचे, किमान निर्वाहवृत्ती मिळावी. आणि बिगर-नेट वृत्तीचा आठ हजारांचा आकडा महागाईशी जोडून वाढवावा. तिसरी, वृत्ती दरमहा ठरलेल्या तारखेस खात्यात जमा व्हावी, विलंब झाल्यास त्याचे उत्तरदायित्व निश्चित असावे. चौथी, ज्या भाषांत आज मानसतज्ज्ञ जवळजवळ नाहीत, त्या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी पूर्ण शुल्कमाफीच्या जागा असाव्यात आणि शिक्षणानंतर काही वर्षे त्यांच्याच भागात, पुरेशा वेतनावर काम करण्याची सोय असावी. सक्तीची सेवा मागायची असेल, तर आधी शिक्षणाचा खर्च तरी उचलला पाहिजे.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. प्रत्येक गोष्ट या देशात कोठे ना कोठे, कोणत्या ना कोणत्या शाखेसाठी आधीच अस्तित्वात आहे. मी ती मानसशास्त्रासाठी मागतो आहे, इतकेच.

न्यायालयाने प्रत्येक संस्थेत समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. उद्या संस्था कागदावर नेमणुकाही करतील. एखाद्या शिक्षकाला चार दिवसांचे शिबिर करवून त्याच्या दारावर पाटी लावली जाईल आणि तपासणीच्या अहवालात रकाना भरला जाईल. त्या पाटीमागे जाऊन जो मुलगा आपले मन मोकळे करील, त्याला समोर कोण भेटणार आहे, हे आपण आज मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना कसे वागवतो यावर अवलंबून आहे. झारखंडची ती विद्यार्थिनी आज त्या खोलीत असू शकली असती. ती तेथे नाही, याचे कारण तिच्या अभ्यासात शोधू नये.

या विषयात शिकणारे, शिकवणारे किंवा मुलांना शिकवणारे पालक हे वाचत असतील, तर त्यांनी आपल्या संस्थेचे नाव न घेता आपला अनुभव जरूर लिहावा: शुल्क किती, वृत्ती किती आणि ती किती महिन्यांनी मिळते. माझ्या मतांशी असहमत असणाऱ्यांनीही लिहावे. हिशेबात चूक असेल तर ती मी दुरुस्त करीन. आणि आपल्या भागातील खासदारांना पत्र लिहिणे शक्य असेल, तर या चार मागण्या त्यांच्या कानावर अवश्य घालाव्यात.